लवंग तेल म्हणजे अँटिबायोटिक नव्हे

'लवंग तेलाचे दोन थेंब पाण्यातून घ्या, अँटिबायोटिकची गरज नाही' असा मेसेज फिरतो आहे. तो पुढे पाठवू नका.

त्यात तथ्य एवढंच, की लवंग तेलात साधारण 70 ते 90 टक्के युजेनॉल हे जिवाणूमारक रसायन असतं. युजेनॉल जिवाणूंच्या पेशीचं आवरण सैल करतं, आतला ऐवज बाहेर झिरपतो आणि जिवाणू मरतो. पण हे प्रयोगशाळेतल्या काचेच्या बशीत, जिथे तेल थेट जिवाणूंवर पडतं. गिळल्यावर ते रक्तातून फुप्फुसापर्यंत किंवा मूत्रमार्गापर्यंत तेवढ्या तीव्रतेने पोचेल, असं मुळीच नाही. डोस वाढवला तर यकृताला इजा होते. 5 ते 10 मिलि तेल पोटात गेल्याने लहान मुलं अत्यवस्थ झाल्याच्या नोंदी आहेत.

आणि पाण्यात ते विरघळतही नाही. ग्लासात टाकून पाहा: पाण्याहून जड असल्याने पिवळसर थेंब तळाशी बसतात. शेवटच्या घोटात ते तसेच तोंडात येतात आणि जीभ, हिरड्या भाजतात.

दंतवैद्य युजेनॉल झिंक ऑक्साइडमध्ये कालवून दातात भरतात, तो वापर खरा. भाजीतली लवंगही खुशाल खा. डॉक्टरांनी दिलेली अँटिबायोटिकं मात्र तेलाच्या भरवशावर थांबवू नका.