तिकीट काढून येणारे आधीच पटलेले असतात
बेळगावच्या कॉलेजच्या पोरांनी बायकांवरच्या हिंसाचारावर नाटक बसवलं, तिकिटाचे पैसे आधारगृहाला दिले, वाचून बरं वाटलं. पण शहरातल्या टिळकवाडीत तिकीट काढून येणाऱ्यांना हे नव्यानं काय सांगायचं? तोच प्रयोग निपाणीत विडी कामगार बायकांसमोर फुकट करा की! मधेमधे कन्नड आलं तरी चालतंय. आणि नुसतं रडवू नका. महिला हेल्पलाइनचा १८१ हा नंबर सांगा. घर तिच्या नावावर नसलं तरी २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्यानं तिला त्याच घरात राहायचा हक्क आहे, हे एखाद्या पात्राच्या तोंडी घाला. आमच्याकडं बायका मार खाऊन गप्प बसतात ते ‘जाऊ कुठं?’ म्हणूनच. बाकी, हॉलचं भाडं वजा जाता आधारगृहाला किती पोचले, तेही छापायचं होतं.