मग्दालीया मरीया वेश्या होती म्हणे! लूक उघडून तरी बघा

'चर्चने दडवलेलं सत्य' असा एक मेसेज फिरत फिरत घरच्या ग्रुपवर येऊन पडला, खाली मावशीचं 'खरंय का हे?'. म्हणून हा खटाटोप. मेसेजमध्ये तीन दावे आहेत: येशूची अनुयायी मग्दालीया मरीया वेश्या होती असं बायबलच सांगतं, सुरुवातीच्या मंडळ्यांत (म्हणजे ख्रिस्ती लोकांच्या स्थानिक समाजांत) बायका-पुरुष अगदी समान होते, आणि 325 साली नायसियाच्या परिषदेत (बिशपांच्या सभेत) रोमन सम्राट कॉन्स्टंटाईनने बायकांची शुभवर्तमानं (येशूच्या जीवनावरचे ग्रंथ) बायबलमधून काढली, बायकांनाही हाकललं.

पहिला दावा धादांत खोटा. बायबलमधल्या चार शुभवर्तमानांपैकी (मत्तय, मार्क, लूक, योहान) एकातही ती वेश्या होती असं म्हटलेलं नाही. लूक 8:2 सांगतो की तिच्यातून सात भुतं निघाली होती. पुढच्याच वचनात हेरोदाच्या कारभाऱ्याची बायको योहान्ना आणि सुसान्ना यांची नावं येतात. या सगळ्या जणी स्वतःच्या पैशातून येशू आणि शिष्यांचा खर्च चालवत होत्या.

मग वेश्या आली कुठून? लूकच्या सातव्या अध्यायात एक पापी बाई शिमोन नावाच्या परुश्याच्या (कडक नियम पाळणाऱ्या यहुदी पंथातल्या माणसाच्या) घरी येशूच्या पायांना सुगंधी तेल लावते. तिचं नाव नाही, पाप कोणतं तेही नाही. योहान 12 मध्ये बेथानीची मरीया त्याच्या पायांना तेल लावते. मार्क 14 मध्ये बेथानीतच, पण दुसऱ्याच शिमोनाच्या, कुष्ठरोग्याच्या घरी, एक निनावी बाई त्याच्या डोक्यावर तेल ओतते. तेल तेच, शिमोन नाव तेच, मरीया नाव तेच, आणि लूकमध्ये सातव्यानंतर लगेच मग्दालीयेचा आठवा अध्याय! झाला गोंधळ. बेथानी यरुशलेमजवळ, मग्दालीयेचं गाव मग्दाला पार गालील सरोवराकाठी, हे कोण बघतो?

या गोंधळावर शिक्का मारला पोप पहिल्या ग्रेगरीने, 591 च्या सुमारास, आपल्या तेहतिसाव्या प्रवचनात. पापी बाई, बेथानीची मरीया आणि मग्दालीया एकच, सात भुतं म्हणजे सगळे दुर्गुण, आणि ते तेल ती पूर्वी निषिद्ध कामांसाठी अंगाला लावत असे, असं तो सांगतो. मेसेजचा खरा आधार हा. बायबल नव्हे, पाचेकशे वर्षांनंतरचं एक प्रवचन. पूर्वेकडच्या ऑर्थोडॉक्स चर्चने ही सरमिसळ कधी स्वीकारली नाही. खुद्द रोमनेही 1969 मध्ये पंचांग सुधारताना तिला त्या दोघींपासून वेगळं काढलं आणि 2016 मध्ये तिच्या 22 जुलैच्या स्मरणदिनाला सणाचा दर्जा दिला. रिकाम्या कबरीपाशी गेलेल्यांत चारही शुभवर्तमानं तिचं नाव घेतात, ते मात्र मेसेजमध्ये नाही.

समानतेचा दावा अर्धा खरा आहे, नाइलाजाने मान्य करतो. पौलाच्या रोमकरांस पत्राच्या सोळाव्या अध्यायात किंख्रियाच्या मंडळीची सेविका (डीकन) फीबी, प्रिस्का, युनिया अशी नावं ओळीने येतात. 112 च्या सुमारास रोमन सुभेदार प्लिनी सम्राट ट्राजानला कळवतो की माहिती काढण्यासाठी त्याने दोन दासींचा छळ केला. मंडळीत त्यांना सेविका म्हणत. हा माणूस ख्रिस्ती नव्हता, त्यामुळे साक्ष वजनदार. पण 'अगदी समान'? बारा प्रेषित सगळे पुरुष. आणि बायकांनी शिकवू नये असं तीमथ्याला पहिल्या पत्रात (2:12) लिहिलंय, तेही नायसियाच्या कितीतरी आधी.

राहिला नायसिया. परिषदेचे 20 नियम उपलब्ध आहेत, एकातही बायबलच्या पुस्तकांची यादी नाही. मुख्य वाद एरियस या धर्मगुरूच्या शिकवणीचा होता, येशू देवपित्याच्या बरोबरीचा नाही अशी ती शिकवण. 'मरीयेचं शुभवर्तमान' म्हणून जे फिरतं, त्याची मुख्य कॉप्टिक प्रत 1896 मध्ये कैरोत विकत घेतली गेली. सुरुवातीची सहा पानं आणि मधली चार गायब, लेखक अज्ञात.

आणि बायकांना हाकललं कधी? तिसऱ्या शतकात सिरियात बाप्तिस्म्याच्या वेळी बाईच्या अंगाला तेल लावायला बाईच हवी, पुरुषाने लावणं बरं नव्हे, म्हणून सेविका नेमत. ख्रिस्ती नसलेल्या घरांतल्या आजारी बायकांकडेही तीच जाई. प्रौढांचे बाप्तिस्मे कमी होऊन लहान मुलांचे वाढले तसं हे काम आटत गेलं. तरी 451 साली, म्हणजे नायसियानंतर 126 वर्षांनी, खाल्सिदोनच्या परिषदेचा पंधरावा नियम सांगतो की चाळिशीच्या आतल्या बाईला सेविका म्हणून दीक्षा देऊ नये, आणि द्यायची तर नीट पारखून द्यावी.