ऑर्सन वेल्सच्या रेडिओ नाटकाने खरंच अमेरिका पळत सुटली होती का?

‘१९३८ साली ऑर्सन वेल्सचं मंगळवासीयांच्या हल्ल्याचं रेडिओ नाटक ऐकून लाखो अमेरिकन घर सोडून रस्त्यावर धावले, कित्येकांनी जीव दिला’ हा मजकूर पुन्हा फिरतो आहे. त्यातलं नाटक खरं, बाकी बहुतेक फुगवलेलं.

३० ऑक्टोबर १९३८ च्या रात्री सीबीएस या अमेरिकी रेडिओ वाहिनीवर तरुण अभिनेता-दिग्दर्शक ऑर्सन वेल्सचं हे नाटक झालं. मूळ कादंबरी एच. जी. वेल्स यांची. (मराठीत दोघेही वेल्स, नातं काहीच नाही.) बातमीपत्रासारखी मांडणी होती, त्यामुळे मधूनच रेडिओ लावणारे काही जण घाबरले, पोलिसांना फोनही गेले. पण हे नाटक आहे, असं सुरुवातीला, मध्यंतराला आणि शेवटी सांगितलं गेलं होतं. शिवाय ऐकत होतं कोण? त्याच रात्री सुमारे ५,००० घरांत फोन करून झालेल्या पाहणीत जेमतेम २ टक्क्यांनी हे नाटक लावलं होतं. त्याहून कितीतरी जास्त लोकांचा कल एनबीसी या दुसऱ्या रेडिओ वाहिनीवरच्या एडगर बर्गनच्या विनोदी कार्यक्रमाकडे होता. त्या भीतीने कुणी जीव दिल्याची एकही खात्रीलायक नोंद नाही.

मग दंतकथा आली कुठून? वर्तमानपत्रांतून. जाहिराती पळवणाऱ्या रेडिओवर त्यांचा रागच होता, त्यांना आयतं कोलीत मिळालं. दुसऱ्या दिवशी २३ वर्षांच्या ऑर्सन वेल्सने पत्रकारांसमोर दिलगिरी व्यक्त केली. पुढे मात्र तोच ही गोष्ट मीठमसाला लावून सांगायचा! नुकसान त्याचं काहीच झालं नाही; १९३९ मध्ये आरकेओ या हॉलिवूडच्या चित्रपट कंपनीने त्याला चित्रपटासाठी करारबद्ध केलं आणि १९४१ मध्ये त्याचा ‘सिटिझन केन’ आला.