दोन हंगामांत निकाल लागत नाही

स्वित्झर्लंडमधल्या बाझलजवळच्या थेरविल गावी पाच मीटर रुंद आणि वीस मीटर लांब वाफ्यांत १९७८ पासून एक प्रयोग चालू आहे. जैवगतिक (खास तयार केलेली नैसर्गिक द्रव्ये वापरणारा सेंद्रिय शेतीचाच एक प्रकार), सेंद्रिय आणि रासायनिक या पद्धती तिथे एकाच मातीत, एकमेकींना खेटून तपासल्या जातात. पहिल्या २१ वर्षांचा हिशेब २००२ साली प्रसिद्ध झाला. त्यात सेंद्रिय वाफ्यांचे उत्पादन सुमारे २० टक्क्यांनी कमी आणि खते व ऊर्जा यांचा वापर ३४ ते ५३ टक्क्यांनी कमी दिसला. ज्याने त्याने सोयीचा आकडा उचलावा असाच हा निकाल, आणि मायदेशातल्या, म्हणजे भारतातल्या, चर्चेत नेमके तेच होते. एका पक्षाला कुणाच्या तरी शेतात एका हंगामात आलेले भरघोस पीक पुरते, तर दुसरा पक्ष २०२१ सालच्या श्रीलंकेच्या रासायनिक खतांवरच्या बंदीकडे बोट दाखवतो. ती बंदी रातोरात लादली होती आणि काही महिन्यांतच मागे घ्यावी लागली, हे मात्र दोघेही विसरतात.

थेरविलच्या प्रयोगात सहभागी असलेल्या फिबल या सेंद्रिय शेतीच्या संशोधन संस्थेने २००७ मध्ये केनिया, बोलिव्हिया आणि आपल्या खानदेशाला लागून असलेल्या निमाडात असेच प्रयोग सुरू केले. निमाडच्या काळ्या जमिनीत पहिल्या दोन वर्षांत सेंद्रिय कापूस २९ टक्क्यांनी आणि गहू २७ टक्क्यांनी मागे पडला. त्या वेळी प्रयोग थांबवला असता, तर सेंद्रिय शेतीचा निकाल लागलाच होता. पुढच्या दोन वर्षांत मात्र दोन्ही पिकांचे उत्पादन बरोबरीला आले. त्याचे कारण सेंद्रिय वाफे सुधारले असे नसून रासायनिक वाफे घसरले असे होते, आणि खर्च कमी असल्यामुळे सेंद्रिय शेतीचा नफा २५ टक्क्यांनी जास्त निघाला. चार वर्षांत पारडे असे फिरत असेल, तर तीन वर्षांच्या अनुदानावर चालणाऱ्या प्रकल्पांनी शेतकऱ्याला काय सांगावे?

आपल्याकडे दीर्घकालीन प्रयोग नाहीत असे मुळीच नाही. भारतीय कृषी संशोधन परिषदेचे खतांचे प्रयोग १९७० पासून, म्हणजे थेरविलच्याही आधीपासून चालू आहेत. पण त्यांचा भर खतांच्या मात्रांवर आहे, संपूर्ण शेतीपद्धतींच्या तुलनेवर नाही.

इथले, म्हणजे स्वित्झर्लंडमधले, सगळेच तिकडे भारतात नेता येईल, असे मात्र मला वाटत नाही. स्विस शेतकऱ्याला सरकारकडून थेट रक्कम मिळते, त्यामुळे घटलेले उत्पादन त्याला झेपते. शिवाय थेरविलच्या वाफ्यांना हेक्टरी सुमारे दीड मोठ्या जनावराचे शेणखत मिळते. बैलांची जागा ट्रॅक्टरने घेतलेल्या गावात तेवढे शेण कुठून आणायचे, हे निमाडच्या वाफ्यांनाच विचारावे लागेल.