काळ्या स्क्रीनवरची मसिळ

आमच्या घरात एक न बोलता ठरलेला नियम आहे. माझ्या लॅपटॉपवर रंगीत काही दिसलं की मी टाईमपास करतोय, आणि काळ्या स्क्रीनवर पांढरी अक्षरं दिसली की मी कामात आहे. वर्क फ्रॉम होम सुरू झाल्यापासून हा नियम मी इतका जपलाय की काळी स्क्रीन उघडी असेल तर बायको दळण टाकायलासुद्धा सांगत नाही. आता एवढी सोय असताना माणसाने गप्प बसावं ना. पण मला वाटलं की गप्पाही ह्याच काळ्या स्क्रीनमध्ये मारता आल्या तर?

आणि कारण नव्हतं असंही नाही. लॅपटॉप जुना, रॅम ४ जीबी. ब्राउझरमध्ये व्हॉट्सअ‍ॅप उघडलं की त्याचा पंखा सुरू होतो. गोदावरीला पूर किती आलाय हे आपण नाशिककर नदीतल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीकडे बघून ओळखतो ना, पाणी गुडघ्याला लागलं, कमरेला लागलं, छातीला लागलं, तसं मी त्या पंख्याच्या आवाजावरून सांगू शकतो की रॅम कुठपर्यंत चढलीय. फॅमिली ग्रुपवर लग्नाचे फोटो पडले की मारुती बुडालाच समजा.

तसा टर्मिनलमधल्या, म्हणजे ह्याच काळ्या स्क्रीनमधल्या, चॅटशी माझा जुना संबंध आहे, कॉलेजपासूनचा. तेव्हा आयआरसीचं वेड होतं. हे आयआरसी म्हणजे इंटरनेट रिले चॅट, १९८८ साली फिनलंडमधल्या ओउलू विद्यापीठात यार्को ओइकारिनेन नावाच्या माणसाने बनवलं, आणि ते चालवायचा प्रोग्राम मी वापरायचो तो इर्सी, तोही फिनलंडच्याच माणसाचा, १९९९ चा. नाव ऐकून इरसाल वाटतं आणि आहेही तसाच. बटण नाही, मेनू नाही, सगळे हुकूम तिरकी रेघ देऊन टाईप करायचे. रेघ ओळीच्या सुरुवातीला पहिलीच असली तर तो हुकूम, आणि तिच्याआधी चुकून एक स्पेस पडली तर तो हुकूम राहत नाही, साधा मेसेज होतो आणि सगळ्यांना दिसतो. मी लॉगिनच्या हुकमाआधी स्पेस दिली होती. जगभरातल्या दीडदोनशे अनोळखी लोकांसमोर माझा पासवर्ड अख्खाच्या अख्खा छापला गेला, द्राक्ष१२३, इंग्रजी अक्षरांत. कुणीतरी लगेच खाली लिहिलं, छान आहे, आता बदल. त्या दिवशी आयआरसी सोडलं. (तसंही तिथे एका मेसेजला ५१२ बाईटची मर्यादा, आणि देवनागरीतलं एकेक अक्षर, काना, वेलांटी, प्रत्येकाचे ३ बाईट जातात. म्हणजे जेमतेम दीडशे-एकशेसत्तर चिन्हं. एवढ्यात आमच्या मामांचा टोमणा अर्धाही मावत नाही.)

तर आता इतक्या वर्षांनी शोधल्यावर कळलं की टर्मिनलमध्ये व्हॉट्सअ‍ॅप चालवणारे प्रोग्राम पण असतात. कंपनीचे नाहीत, हौशी लोकांनी लिहिलेले. एक टाकला, नाव सांगत नाही, त्या बिचाऱ्याचा दोष नाही. पहिल्यांदा चालू केल्यावर तो क्यूआर कोड दाखवतो, तोही अक्षरांच्या चौकोनांनी रांगोळीसारखा काढलेला, आणि माझ्या खिडकीत तो मावेना. फॉन्ट छोटा करत करत मुंगीएवढा केला, मग मोबाईल कधी जवळ कधी लांब, आरती ओवाळल्यासारखा फिरवला, आणि एकदाचा लागला. बायको मागून जाताना बघून गेली. काळी स्क्रीन होती, काही बोलली नाही.

पहिले दोन दिवस स्वर्ग होता, खरंच सांगतो. ह्या प्रोग्राममध्ये फोटो दिसत नाहीत, फक्त फाईलचं नाव दिसतं. म्हणजे रोज सकाळी साडेपाचपासून येणारे उगवते सूर्य, कमळं, चहाचे कप, त्यावरचे सुविचार, सगळ्याची एक ओळ. नुसतं नाव, पुढे जेपीजी. मी ती ओळ बघून मनातल्या मनात नमस्कार करायचो आणि पुढे जायचो. पंखा शांत. मारुतीच्या पायाला सुद्धा पाणी नाही.

मग दादाचा मेसेज आला, मसिळ खायला जायचं का.

मला वाटलं घाईत टाईप केलं असेल. थोड्या वेळाने भाच्याने लिहिलं, तखिट नको. मग वहिनींचं, मी नाशकिमध्ये नाहीये. तेव्हा मात्र डोकं खाजवलं. सगळं घर एकाच दिवशी बोबडं कसं होईल?

वाचत बसलो. तर झालंय असं, की टर्मिनल म्हणजे मुळात चौकटीची वही. १९७८ साली व्हीटी१०० नावाचं एक टर्मिनल आलं, त्यात आडव्या ८० घरांच्या २४ ओळी, आणि आजही आपली काळी खिडकी त्याचीच नक्कल करत असते. एक अक्षर, एक घर. इंग्रजीला हे चालतं, तिथली अक्षरं एकमेकांना न शिवता सोवळ्यात उभी असतात. आपली अक्षरं हातात हात घालून, खांद्यावर मात्रा, पायात उकार, असा सगळा जत्रेचा कारभार. आणि त्यातही ऱ्हस्व वेलांटी ही खरी आगाऊ. आपण लिहिताना ती अक्षराच्या आधी काढतो पण कॉम्प्युटरच्या पोटात ती अक्षराच्या नंतर साठवलेली असते. चांगला प्रोग्राम दाखवताना तिला उचलून अक्षराच्या आधी आणून बसवतो. माझा टर्मिनल काही ते कष्ट घेत नव्हता, पोटात जशी तशी ओठावर. मग म ची वेलांटी म च्या नंतर पडते आणि तिचा पदर जाऊन स च्या डोक्यावर बसतो, झाली मसिळ. नाशिकचं नाशकि. टर्मिनलचं स्वतःचं टर्मनिल. २७ फेब्रुवारीला, कुसुमाग्रजांच्या जन्मदिवशी, त्यांच्याच गावात बसून मी मराठी भाषा गौरव दनिाच्या, बघा, हे तर लिहितासुद्धा येत नाही, शुभेच्छा वाचल्या आणि शिरवाडकरांचे शरिवाडकर झालेले बघून मनातल्या मनात टिळकवाडीतल्या त्यांच्या घरापर्यंत माफी मागितली. जोडाक्षरं वेगळीच. उद्‌या, मळ्‌यात, सगळ्यांचे पाय मोडलेले दिसायचे, अपघात वॉर्डासारखे.

पण माणूस सरावतो हो. आठवड्याभरात मी हे फडाफडा वाचायला लागलो, आणि घात तिथेच झाला. अर्थ लागत नाही असा शब्द आला की डोकं थांबतं आणि वेलांटी जागेवर नेऊन बसवतं. ज्याचा अर्थ लागतो त्याला कोण हटकणार?

शनिवारी दुपारी आईचा मेसेज आला, ग्रुपवर नाही, मला एकट्याला. माझ्या स्क्रीनवर दिसला तो असा: वहिणिबाईंना सांग, उद्‌या सकाळी मसिळ खायला मळ्‌यात जाऊ.

आता आमची आई एरवी नुसतं वहिनी म्हणते. पण तिचं आणि वहिनींचं काही बिनसलं की ती ‘तुझ्या त्या वहिनीबाई’ म्हणते, बाई जोडते, तेही दात दाबून. ण आणि न चा घोळ आईच्या टायपिंगमध्ये कायमच. मी म्हटलं, खटका उडालाय आणि आता मिसळीवर मिटवायचं चाललंय. मग मी हुशारी केली. पाथर्डी फाट्याला वहिनींना फोन लावला आणि म्हणालो, ‘वहिनी, उद्या मिसळीला चला, आईने मुद्दाम तुम्हाला सांगायला सांगितलंय.’

‘मुद्दाम? आईंनी?’ वहिनींचा आवाजच बदलला. ‘भाऊजी, खरं सांगताय ना?’

‘अगदी नाव घेऊन,’ मी म्हणालो.

रविवारी सकाळी मखमलाबाद रोडला मळ्यात, द्राक्षाच्या मांडवाशेजारी, खाटा टाकलेल्या, सगळे जमलो. वहिनी पैठणीत. मिसळ खायला पैठणी मी आयुष्यात पहिल्यांदा बघितली. त्या आल्या आल्या आईच्या पाया पडल्या, आईला कळेना हे काय, तिने गोंधळून आशीर्वाद दिला आणि माझ्याकडे वळून विचारलं, ‘विहिणबाई कुठेत?’

विहिणबाई. व ला वेलांटी, ह ला वेलांटी. म्हणजे माझ्या सासूबाई. दोन्ही वेलांट्या एकेक घर पुढे सरकल्या आणि माझ्या सासूबाईंची माझी वहिनी झाली, आणि हे मला त्या खाटेवर, समोर पापड आणि दह्याची वाटी आलेली असताना कळलं.

बायकोने तिथूनच पंचवटीत फोन लावला, स्पीकरवर. सासूबाई म्हणाल्या, ‘अगं असू दे, आम्ही उपमा केलाय सकाळीच. तुम्ही खा हो सावकाश.’ मराठी घरात वाढलेल्या माणसाला ‘सावकाश’ ह्या शब्दाचा अर्थ वेगळा सांगायला लागत नाही. मी काळी मिसळ मागवली होती, दोन पाव उरले.

घरी येताना गाडीत बायको सोमेश्वरपर्यंत काही बोलली नाही. मग म्हणाली, ‘जावयाने स्वतः फोन करून बोलवायचं असतं, मान असतो तो. आणि तू काय केलंस, तर वाचता आलं नाही तुला. इंजिनिअर ना तू?’ मी युनिकोड, म्हणजे कॉम्प्युटर अक्षरं कशी साठवतो ते, समजावून सांगायला सुरुवात केली. पहिल्या वाक्यानंतर तिने रेडिओ लावला.

संध्याकाळी ठरवलं, सासूबाईंना रीतसर माफीचा मेसेज करू. मोबाईल आतल्या खोलीत चार्जिंगला होता आणि मी टर्मिनलसमोर. इथे उठून मोबाईल घेतला असता तर हा लेख इथेच संपला असता. मी टाईप केलं, आई नमस्कार, (सासूबाईंना मी आईच म्हणतो) आज फार मोठी चूक झाली, माझ्यामुळे तुमचा मान राहिला नाही, माफ करा. एंटर दाबलं. कर्सर खालच्या ओळीवर गेला, म्हटलं गेला मेसेज. ह्या प्रोग्राममधून आजवर मी नुसतं वाचलंच होतं, लिहिलं कधी नव्हतं. पाच मिनिटं झाली तरी उत्तर नाही. लिहिलं, मिळाला का मेसेज? एंटर. बघा ना प्लीज. एंटर. मग संशय आला की जातच नाहीये. हॅलो. टेस्ट. टेस्ट टेस्ट. जात का नाहीये च्यायला. डोक्याला ताप आहे नुसता.

ह्या प्रोग्राममध्ये एंटर म्हणजे फक्त नवी ओळ. हे मला माहीत नव्हतं. एवढं कळलं की सगळा कचरा खोक्यातच साठून राहिलाय, म्हणून म्हटलं कट करून टाकू आणि नीट पहिल्यापासून लिहू. कट म्हणजे कंट्रोल एक्स, हे शाळेतल्या कॉम्प्युटरच्या तासापासून बोटांत बसलेलं.

इथे कंट्रोल एक्स म्हणजे सेंड.

आठ ओळी, माफीपासून तापापर्यंत, एकाच मेसेजमध्ये एकगठ्ठा गेल्या. मी आतल्या खोलीकडे पळालो, चार्जरची पिन उपटली, डिलीट फॉर एव्हरीवन शोधतोय तोवर दोन निळ्या टिका. आणि खाली टायपिंग... टायपिंग... टायपिंग... बराच वेळ. मग आलं, ‘डोक्याला ताप कोणाला म्हणालात?’

पुढचा अर्धा तास बायकोने फोनवर सांभाळला. मी स्वयंपाकघरात न सांगता भांडी घासत होतो. मधे मधे तिचं हसू ऐकू यायचं, मग ‘अगं नाही गं, तसं नाही, त्याची वेलांटी सरकते’ असं काहीतरी, जे ऐकून शेजाऱ्यांनी काय समजूत करून घेतली असेल देव जाणे.

त्या रात्रीच मी शोधून एमएलटर्म टाकला. तो बऱ्याच भाषांसाठी बनवलेला टर्मिनल आहे, आपली लिपी जोडून दाखवायची सोय त्यात आहे. थोडी सेटिंग करायला लागली, पण मिसळ मिसळ झाली. तरी बायकोचा हुकूम आहे की तिच्या माहेरच्या कुणाशीही त्या काळ्या डबड्यातून बोलायचं नाही, आणि काळी स्क्रीन दिसली की आता ती आधी वाकून बघते, मग दळणाचा डबा हातात देते.

पुढच्या रविवारी मी स्वतः फोन करून, स्वतः पंचवटीत गाडी नेऊन सासूबाईंना मळ्यात घेऊन गेलो. वहिनी पण होत्या, ह्यावेळी साध्या ड्रेसमध्ये, जरा गप्प. पोऱ्या रश्श्याची किटली घेऊन आला आणि आधी सासूबाईंच्या ताटलीकडे वळला, वयाने मोठ्या म्हणून. सासूबाईंनी ताटलीवर हात आडवा धरला, माझ्याकडे न बघता वहिनींकडे बोट केलं आणि म्हणाल्या, ‘त्यांना आधी वाढ बाबा. आम्ही काय, आम्ही वहिणिबाई.’