हॉलची दुसरी किल्ली

आईने पाठवलेला व्हिडिओ मी रात्रपाळी संपवून बसस्टॉपवर उभ्या-उभ्या पाहिला. स्कॉटलंडमधल्या डंडीत रविवारचे पावणेआठ वाजले होते, कोल्हापुरात सव्वाबारा. म्हणजे उपासना नुकतीच सुटलेली. कोपऱ्यावरच्या चहाच्या गाड्यापासून चर्चच्या फाटकापर्यंत हलगी वाजत होती. नव्या पाळकसाहेबांना, म्हणजे आमच्या पास्टरना, गुलाबी फेटा बांधला होता. पाळकबाईंच्या कडेवरचं धाकटं पोर हलगीला बिचकून त्यांच्या खांद्यात तोंड खुपसून बसलं होतं. महिला मंडळाच्या बायका फुलं उधळत होत्या आणि चहूकडून "सलाम, सलाम" चाललं होतं. टे नदीवरून येणाऱ्या गार वाऱ्यात माझे डोळे भरून आले.

स्वागतावर फार खर्च झाला, अशी कुरबूर नंतर कानावर आली. मला ती पटत नाही. दोन हलग्या आणि चार फेट्यांनी कुठलीही मंडळी, म्हणजे चर्चचा समुदाय, बुडत नाही. आलेल्या माणसाला वाजतगाजत घरात घ्यायचं ही आपली कोल्हापूरची रीत आहे आणि ती मला प्राणाहून प्यारी आहे.

खरा वाद तीन आठवड्यांनी सुरू झाला. वडील मंडळाच्या, म्हणजे चर्चचा कारभार पाहणाऱ्या ज्येष्ठांच्या, बैठकीत पाळकसाहेबांनी दोन गोष्टी मांडल्या. पावसाळ्याआधी चर्चचा हॉल पुरात अडकणाऱ्यांसाठी तयार ठेवायचा, फक्त आपल्या मंडळीसाठी नाही, खालच्या गल्लीतल्या सगळ्यांसाठी. आणि दर बुधवारी दुपारी हॉलमध्ये बीपी-शुगर तपासायची, सोबत गरम जेवण. हमाल, मोलकरणी, कचरा वेचणाऱ्या बायका, ज्याला गरज असेल त्याने यावं. त्यावर मंडळीत दोन तट पडले. एक म्हणतो, आधी आपल्या विधवा, आपली बेकार पोरं, मग जग. दुसऱ्याचं म्हणणं असं की दिवस वाईट आहेत, परक्यांना आत घेतलं की उद्या धर्मांतराचा आळ येईल, गप्प उपासना करावी आणि घरी जावं. त्यात आखाती देशांत आणि इंग्लंड-अमेरिकेत गेलेली आमची मंडळी सल्ले देऊ लागली : इकडे येऊन बघा, चर्च कसं चालतं ते.

मी अकरा वर्षं इकडेच आहे, म्हणून याच शेवटच्या वाक्यापासून सुरुवात करते.

इथल्या आमच्या चर्चला जवळजवळ दोन वर्षं पाळक नव्हता. चर्च ऑफ स्कॉटलंड प्रेसबिटेरियन आहे. बिशप कुणाला पाठवत नाही, मंडळीच आपला पाळक निवडते. सभासदांतून समिती निवडली जाते, ती उमेदवार शोधते, गाठीभेटी घेते आणि शेवटी एकच नाव मंडळीसमोर ठेवते. तो उमेदवार एका रविवारी उपदेश करतो आणि त्यानंतर मंडळी मतदान करते. आमच्या समितीला पहिले कितीतरी महिने कुणी भेटलंच नाही, कारण पाळकच कमी आहेत. १९५० च्या दशकात या चर्चचे सभासद तेरा लाखांवर होते, आज ते अडीच लाखांच्या आसपास आहेत. एकेक पाळक तीन-तीन ठिकाणं सांभाळतो आणि कितीतरी देवळं विकली गेली आहेत. (आमच्याकडे जुनी माणसं चर्चला देऊळच म्हणतात, माझ्याही तोंडी तोच शब्द येतो.) ज्या देशातून मिशनरी जॉन विल्सन १८२९ मध्ये मुंबईला आले, त्या देशाची आजची स्थिती ही अशी आहे. रविवारी आमच्या बाकांवर तीस-पस्तीस डोकी असतात, त्यातली बहुतेक पांढरी. तेव्हा "इकडे येऊन बघा" म्हणणाऱ्यांनी हेही बघावं. कोल्हापुरात नाताळला उभं राहायला जागा मिळत नाही, आणि आपण त्यांचे धडे गिरवायचे?

तरीही त्या दोन वर्षांत मी जे पाहिलं ते सांगितल्याशिवाय राहवत नाही. पाळक नसताना काम थांबलं नाही. मंगळवारी हॉलमध्ये सूप असायचं आणि शुक्रवारी गरजूंना शिधा. डबे तारखेप्रमाणे लावायचे, जुने पुढे, नवे मागे. ते काम एक निवृत्त सुतार करायचा, वय ऐंशीच्या घरात. त्याचा हात थरथरायचा, पण डब्याच्या तळाची तारीख भिंग लावून वाचल्याशिवाय तो डबा फळीवर ठेवत नसे. मी एकदा विचारलं, नवा पाळक आल्यावर तुम्ही सुटाल का? त्याला प्रश्नच कळला नाही. पाळकाचा आणि डब्यांचा संबंध काय, असं त्याच्या चेहऱ्यावर होतं.

शेवटी पाळकबाई मिळाल्या. पाळकबाई म्हणजे पाळकाची बायको नाही, स्वतः पाळक. स्त्रियांना इथे १९६८ पासून दीक्षा मिळते. त्यांच्या स्थापनेच्या संध्याकाळी त्यांना प्रश्न विचारले गेले, त्यांनी उत्तरं दिली, सही केली. मग अध्यक्ष आमच्याकडे वळले आणि मंडळीलाही प्रश्न विचारला : यांना तुम्ही आपल्या पाळक म्हणून स्वीकारता का, यांच्या कामात साथ द्याल का? आम्ही उभे राहिलो. माझ्या पुढच्या बाकावरच्या आजी काठीवर जोर देऊन उठल्या आणि खणखणीत "होय" म्हणाल्या. पाळकांचा शपथविधी मी लहानपणापासून पाहत आलेय, पण मंडळीनेही शब्द द्यायचा असतो याचं वजन मला त्या "होय"मध्ये कळलं.

घरी जाताना मला २०१९ आठवलं.

त्या ऑगस्टमध्ये मी सुट्टीवर कोल्हापुरात होते. राजाराम बंधाऱ्यापाशी पंचगंगा ३९ फुटांवर गेली की इशारा आणि ४३ ला धोका, हे आपल्याकडे शाळेतलं पोरही सांगतं. त्या वर्षी पाणी ५५ फुटांच्या वर गेलं. शिरोलीजवळ महामार्ग बुडाला आणि माझं परतीचं विमान माझ्याशिवाय उडालं. आमचे तेव्हाचे पाळक नातेवाइकांकडे गेले होते, ते तिकडेच अडकले. हॉल उघडायचा की नाही, हे विचारायला कुणी नव्हतंच. खालच्या गल्लीतली माणसं गुडघाभर पाण्यातून आली आणि महिला मंडळाच्या अध्यक्षबाईंनी पदर खोचून कुलूप उघडलं. शेजारच्या तालमीची पोरं खांद्यावरून गॅसच्या टाक्या घेऊन आली. मशिदीकडून तांदूळ आला. कुणी कुणाला जात-धर्म विचारला नाही. कुरुंदवाडला मशिदीत गणपती बसतो, त्या मुलखात असले प्रश्न विचारायची सवय नाही.

माझ्याकडे पाय आले. दोन-दोन दिवस पाण्यात उभ्या राहिलेल्या माणसांचे पाय पांढरेफटक, सुरकुतलेले, बोटांच्या बेचक्यात चिखल्यांनी लाल चिरा पडलेल्या. मिरजेला नर्सिंग शिकले तेव्हा पहिल्या वर्षी शिकवलेलं काम : कोमट पाणी, साबण, बेचक्या कोरड्या करायच्या, मलम लावायचं. तीन दिवसांत किती पाय धुतले त्याचा हिशेब नाही. एक म्हातारा पाय मागे ओढत होता. "पोरी, तू नर्सबाई, माझं पाय धरू नगंस." मी सोडले नाहीत. उत्तम शुक्रवारच्या (गुड फ्रायडेच्या) आदल्या संध्याकाळी आमच्याकडे पाय धुण्याचा विधी होतो, बारा माणसं नवे मोजे घालून, पाय आधीच स्वच्छ करून येतात. त्या म्हाताऱ्याच्या टाचेच्या भेगांत पंचगंगेचा गाळ बसला होता, तो काढायला मला नखं वापरावी लागली.

पाणी ओसरल्यावर हॉल धुतला, कुलूप लावलं आणि किल्ली एका घरी गेली. २०२१ च्या जुलैत पुन्हा पाणी आलं तेव्हा ते घरच पाण्यात होतं. किल्ली मिळेपर्यंत दुपार झाली, असं दादा सांगतो.

म्हणून "परदेशात बघा" हे मला मान्य नाही. आपण बघायचं ते २०१९ कडे. जे काम आपण पाळकाशिवाय, ठरावाशिवाय, एका रात्रीत केलं, तेच काम आता पाळक स्वतः मागतायत तर आपण कचरतो आहोत.

आता भीतीबद्दल. ती खोटी आहे असं मी इतक्या लांब सुरक्षित बसून म्हणणार नाही. २०२५ च्या फेब्रुवारीत राज्य सरकारने पोलीस महासंचालकांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली, बळजबरीच्या धर्मांतराविरुद्ध कायद्याचा अभ्यास करायला. त्यानंतर माझ्या आईसारखी माणसं बसमध्ये हातातलं पवित्र शास्त्र (बायबल) पिशवीत सरकवू लागली. हे मला टोचतं. पण दार लावून घेतल्याने संशय कमी होत नाही, बंद दाराआड काय चाललंय असं लोक आणखीच विचारतात. दार सताड उघडं ठेवा. बुधवारच्या तपासणीला महापालिकेच्या आरोग्य केंद्रातल्या बाईंना बोलवा, तालमीच्या पोरांना वाढायला बोलवा, जमाखर्च फळ्यावर लिहा. जेवणाच्या ताटासोबत एकही पत्रक देऊ नका, प्रार्थनेची अट घालू नका. आजाऱ्याने आपणहून प्रार्थना मागितली तर ती त्याची इच्छा. भुकेल्याच्या भुकेचा फायदा घ्यायचा नाही, हे आपल्याला कुठल्याही कायद्याआधी शिकवलेलं आहे.

या शहराला आपण परके नाही. रॉयल आणि एलिझा वाइल्डर हे मिशनरी जोडपं १८५२ मध्ये इथे आले आणि त्यांनी शाळा काढल्या. मिरजेत वानलेस डॉक्टरांनी १८९४ मध्ये दवाखाना सुरू केला, त्यात कुठल्या जातीधर्माचा माणूस बरा होऊन गेला नाही? शाहू महाराजांनी जातीजातींच्या मुलांसाठी वसतिगृहं काढायला हात दिला, त्यांत ख्रिस्ती मुलांचंही होतं. आपण या गावाचं मीठ खाल्लंय आणि गावानेही आपल्या हातचं औषध घेतलंय.

"आधी आपली माणसं" म्हणणाऱ्या अण्णांना मी फोन केला. ते माझ्या वडिलांचे मित्र, मला अंगाखांद्यावर खेळवलेले. ते म्हणाले, "बाळ, पाळक चार वर्षांनी बदलून जाणार. हे सगळं सुरू करून देणार आणि निस्तरायचं आम्ही." याला माझ्याकडे उत्तर नव्हतं, कारण ते खरं आहे. पाळकांच्या बदल्या होतात, आणि आपल्याकडे पाळकासोबत कामही बदलीवर जातं. बालवाडी, शिवणवर्ग, वाचनालय, सगळं असंच गेलं. पण यात दोष नव्या पाळकांचा नाही. काम मंडळीच्या नावावर न करता पाळकाच्या नावावर करायची सवय आपली आहे. मी अण्णांना इतकंच विचारलं, की बुधवारची वही तुम्ही सांभाळाल का? त्यांचं अक्षर मोत्यासारखं आहे, चाळीस वर्षं त्यांनी बँकेत हिशेब लिहिलेत. ते बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "बघतो."

आणि आम्हा बाहेर गेलेल्यांना एक सांगायचंय. आपण पैसे पाठवतो ते साउंड सिस्टिमसाठी, फरशीसाठी, आई-वडिलांच्या नावाच्या पाटीसाठी. मीही पाठवले आहेत, माझ्या बाबांच्या नावाचं बाक आहे तिथे. यंदा बुधवारच्या तांदूळ-डाळीला पाठवूया, आणि पाटी नको.

पुढच्या रविवारी उपासनेनंतर मंडळीची सभा आहे. मला तिथे मत नाही, म्हणून माझं म्हणणं इथे लिहिलं. जुलैत मला बारा दिवसांची रजा मिळाली आहे. बॅगेत दोन बीपीची यंत्रं आणि शुगरच्या पट्ट्या घेतल्यात, चिखल्यांचं मलम तिकडेच स्वस्त मिळतं. काल रात्री आईला फोनवर विचारलं, हॉलची दुसरी किल्ली करून घेतलीत का? ती म्हणाली, पाळकसाहेबांनीच करून आणली आणि महिला मंडळाकडे दिली. कुणाच्या घरी ठेवायची यावर अजून बोलणं चाललंय. मी म्हटलं, ज्याचं घर सगळ्यात उंचावर आहे त्याच्याकडे ठेवा.