कंबरमोडीच्या रसाने इन्सुलिन सुटत नाही

ही पोस्ट तुमच्याही फॅमिली ग्रुपवर येऊन गेली असेल. "ही वनस्पती दिसली तर सोडू नका", खाली कंबरमोडीचा फोटो, म्हणजे आपला दगडी पाला, आणि मग यादी: ऋषीमुनींनी सांगितलेली, रोज अनशापोटी पानांचा रस प्या, 21 दिवसांत शुगर मुळापासून जाते, इन्सुलिन कायमचं सुटतं, साईड इफेक्ट शून्य, जखमा, केस, मुतखडा सगळ्यावर चालते, आणि औषध कंपन्या हे लपवून ठेवतात. माझ्या मामाने हे वाचून रस सुरू केला आणि कोणाला न सांगता इन्सुलिन बंद केलं. मामीच्या लक्षात आलं तेव्हा तो सारखा पाणी पीत होता, बाथरूमला पळत होता, आणि मीटरवर आकडाच येईना, नुसतं 'हाय'. बरेच मीटर 600 च्या वर गेलं की असं दाखवतात. म्हणून हे लिहितोय.

आधी ऋषीमुनी. कंबरमोडी मूळची मेक्सिको आणि मध्य अमेरिकेची. कोलंबस तिकडे पोचला 1492 मध्ये, त्यानंतरच ही इकडे आली, मग चरक-सुश्रुतांना कुठून दिसणार? दसऱ्याचा झेंडूपण तिकडचाच, ह्याच सूर्यफुलाच्या कुळातला. बाहेरून आली म्हणून ती वाईट ठरत नाही, पण पोस्टवाल्याने जी साक्ष काढलीये तीच खोटी आहे.

आता शुगर, कारण जीव इथेच जातो. संशोधन झालंय हे खरं आहे. 2009 साली जयपूरच्या संशोधकांचा पेपर आला, ॲलोक्सन नावाचं रसायन देऊन उंदरांना मधुमेह केला, कंबरमोडीचा मिथेनॉलमधला अर्क वजनाच्या किलोमागे 250 आणि 500 मिलिग्रॅम दिला आणि शुगर उतरली. पण तो प्रयोग 7 दिवसांचा होता, उंदरांवरचा होता, आणि मोजून दिलेला अर्क होता, मिक्सरमधून काढलेला मूठभर पाल्याचा रस नाही. त्यातून 'माणसाचं इन्सुलिन बंद करा' हे निघतच नाही. आणि समजा रसाने शुगर खरंच उतरत असेल तर गोळ्या-इन्सुलिन चालू असलेल्या माणसाची ती एकदम खाली जाऊन चक्कर येईल, म्हणजे दोन्हीकडून धोकाच.

इन्सुलिन म्हणजे काही व्यसन नाही जे सुटावं. शरीरात तयार होत नाही किंवा पुरत नाही म्हणून बाहेरून घ्यावं लागतं. टाईप 1 वाल्या पोरांच्या शरीरात ते जवळजवळ बनतच नाही, 1922 मध्ये टोरांटोत पहिल्यांदा इन्सुलिन टोचलं गेलं, त्याच्या आधी अशी मुलं उपाशी ठेवून फार तर थोडा काळ जगवायचे. आज कोणी ही पोस्ट वाचून आपल्या दहा वर्षांच्या मुलीचं इंजेक्शन थांबवलं तर? फॉरवर्ड दाबताना हा विचार येत कसा नाही?

आणि ते 21 दिवस. एचबीए1सी ही रक्ताची टेस्ट साधारण दोन-तीन महिन्यांच्या शुगरची सरासरी सांगते, तीन आठवड्यांत 'मुळापासून' काय गेलं हे कोणी कशावर मोजलं?

जखमेचं मात्र मान्य करावं लागतं. खरचटलं की पाला चोळून लावायचा हे गावाकडे सगळ्यांनी केलंय, रक्त थांबतं असा लोकांचा अनुभव आहे, प्राण्यांवरच्या प्रयोगांतही जखम भरायला मदत दिसलीये. पण रस्त्याकडेचा पाला मातीसकट खोल जखमेत भराल तर धनुर्वाताचं इंजेक्शन घ्यावंच लागेल. केसांचं म्हणाल तर ते माक्याचं नाव आहे, तो वेगळा, कुळ तेवढं एक. मुतखड्यावर पोस्टमध्ये एक ओळ आहे, पुरावा शून्य, मीपण तेवढंच लिहितो.

कंपन्या लपवतात म्हणे! ह्याच कुळातल्या आर्टेमिसियापासून मलेरियाचं औषध निघालं, चीनच्या शास्त्रज्ञ तू यूयू बाईंना 2015 चं नोबेल त्यासाठीच मिळालं, आणि ते औषध आज आपल्याकडेही देतात. पण त्यासाठी अर्क काढला, डोस ठरवला, माणसांवर चाचण्या केल्या. कंबरमोडीचंही तसं होवो, मला आनंदच आहे. आणि 'मधुमेह बरा करतो' अशी औषधाची जाहिरात करायला आपल्याकडे 1954 च्या कायद्याने बंदी आहे, तेव्हा असा रस कोणी बाटलीत भरून विकत असेल तर तक्रार करा.

घरात कोणी असं इन्सुलिन थांबवलेलं असेल तर भांडत बसू नका, आधी शुगर तपासा आणि लगेच डॉक्टरांना फोन करा. उलट्या, पोटात दुखणं, जोरजोरात श्वास, तोंडाला पिकलेल्या फळासारखा वास, गुंगी, ह्यातलं काही दिसलं तर रात्रीचे दोन वाजले असले तरी सरळ हॉस्पिटलला न्या.